मागे सरकलेला ठिपका

सणसर, शनिवार, ८ नोव्हेंबर

रविराजराव,

आपल्याला काय म्हणून हाक मारावी हे ठरवण्यातच पहिले दोन कागद वाया गेले. साखरपुडा झाल्यापासून तो मोडेपर्यंत मी आपल्याला दाजी म्हणत असे, तेही बहुधा मनातल्या मनात. मी राजलक्ष्मीची धाकटी बहीण, संजीवनी. आपल्याला मी आठवत असेनच, तर चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यापाशी थांबलेली आणि आत न आलेली मुलगी म्हणून आठवत असेन. आमच्या घरचे फोन आपण उचलत नाही. साखरपुड्याच्या वेळी आणि त्यानंतर आमच्या माणसांनी आपल्या आईंना जे बोल लावले ते मी ऐकले आहेत, त्यामुळे मला त्याचे आश्चर्य वाटत नाही. शिवाय फोनवर मला बोलता येत नाही. म्हणून हाताने लिहून या कागदांचे फोटो आपल्या फोनवर पाठवत आहे. कृपा करून शेवटपर्यंत वाचावे.

ताईचे विमान मंगळवारी दुपारी पापुआच्या डोंगरात बेपत्ता झाले, हे मी आपल्याला सांगायला नको. त्या तळावरची सगळी उड्डाणे आपल्या देखरेखीखाली असतात आणि शोध कोठे घ्यायचा हेही आपणच ठरवता, असे आम्हाला कंपनीकडून समजले. विमानात छपराचे पत्रे आणि तांदळाची पोती होती. सोबत योसेफ नावाचा तिथलाच सामान लावणारा माणूस होता. खिंडीतून समोरून जोराचा वारा येत होता, म्हणून त्या दुपारी बाकीचे वैमानिक परत फिरले. इंजिन बंद पडल्याचे ताईने रेडिओवर कळवले, आपण ढगात आहोत असे ती म्हणाली, आणि त्यानंतर काही ऐकू आले नाही.

आता माझी विनंती. शोध खिंडीच्या पलीकडच्या उतारांवर चालू आहे. इंजिन बंद पडलेले विमान नाक खाली करून पुढे पुढे घसरत जाते, म्हणून ते तिकडेच सापडेल, हा त्यामागचा विचार असावा. इतर कोणत्याही विमानाच्या बाबतीत तो बरोबर ठरला असता. ताईचे विमान मात्र तसे नाही. ते खिंडीच्या अलीकडे आहे असे मला वाटते. शोध अलीकडे घ्यावा.

मी वैमानिक नाही. इंदापूरच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवते. पण ताईची इंग्रजी पुस्तके आधी मी वाचत असे, मग तिला मराठीत समजावून सांगत असे, आणि ती अंगणात उभी राहून हातांचे पंख करून ते करून दाखवत असे. त्या जुन्या सोव्हिएत विमानाचे पुस्तकही आम्ही असेच फोनवर वाचले. एकावर एक असे दोन पंख, पुढे एकच इंजिन, पोटात मालासाठी खोली. लहान असताना आम्ही पाहिलेल्या बारामतीच्या शिकाऊ विमानांपुढे ते एखाद्या गोदामासारखे दिसते. तरीही ते डोंगरातल्या गावांच्या आखूड, चढाच्या धावपट्ट्यांवर उतरते, आणि त्याच पट्टीवरून उताराच्या दिशेने थोडेसे धावून पुन्हा वर उठते. त्याचे रहस्य वरच्या पंखाच्या पुढच्या कडेला असलेल्या लांब पट्ट्यांत आहे. विमानाला वेग असतो तोवर वाराच त्या पट्ट्यांना पंखाशी चिकटवून ठेवतो. वेग घटला की त्या आपोआप पुढे सरकतात, मधल्या फटीतून हवा पंखाच्या पाठीवर धावते, आणि जिथे दुसऱ्या विमानाचा पंख हवेवरची पकड सोडतो तिथे हा सोडत नाही.

म्हणूनच त्याच्या पुस्तकात असा सल्ला आहे: ढगात इंजिन बंद पडले आणि जमीन दिसत नसेल, तर वैमानिकाने हातातले सुकाणूचे चाक पूर्णपणे पोटाशी ओढावे, पंख सरळ ठेवावेत आणि तसेच धरून बसावे. विमान पुढे फारसे जात नाही. ते हवाई छत्रीच्या वेगाने जागच्या जागी खाली बसत जाते.

रविराजराव, ताई ढगात होती. जमीन तिला दिसत नव्हती.

आई प्रयागबाई जेवत नाही. आबा बोलत नाहीत. तसे ते ताई परदेशी गेल्यापासूनच बोलत नाहीत. घरात मी एकटीच काही लिहू शकते, म्हणून लिहीत आहे.

आपली,
संजीवनी


बारामती एमआयडीसी, सोमवार, १० नोव्हेंबर

रविराजराव,

आपले उत्तर आले. उत्तर आले हेच मोठे मानते. "वाचले. इंजिन गेल्यावर शिकलेला वैमानिक आधी नाक खाली करतो. राजलक्ष्मीला हे मीच शिकवले आहे. हात विचार करत बसत नाहीत. शोध बुधवारी संध्याकाळी थांबेल. घरच्यांना सांभाळा."

हे मी इतक्या वेळा वाचले आहे की आता त्यात आपला आवाज ऐकू येतो. आपण म्हणता ते खोटे असते तर मला बरे वाटले असते.

आज मी इथल्या विमानतळावर आले. आपण दोघे जिथे शिकलात आणि पुढे आपण जिथे तिला शिकवलेत तिथेच विचारावे, असे ठरवून निघाले. पण फाटकासमोर आल्यावर पाय थांबले. कारखान्यांची पाळी सुटली होती. मोटारसायकलींची रांग माझ्या अंगावरून जात होती आणि मी कुंपणाच्या जाळीला धरून उभी होते. शेवटी पहारेकरीच म्हणाला,

"कोन पायजे?"

मी जाळीतून आत पाहत राहिले.

"बाई, बोला की. तोंडात गुळाचा खडा धरलाय का?"

"सुयोग सर."

"कुठलं सुयोग सर? हितं दोन हायती. येक इमानवालं, येक कँटीनवालं. कँटीनवाल्याची उधारी असंल तर आधीच सांगतो, ते पळालंय."

"विमानवाले," मी म्हणाले. एवढ्यात त्याने माझ्या तोंडाकडे नीट पाहिले आणि टोपी काढली. "राजलक्ष्मी म्याडमची भन व्हय तुमी? तोंडवळा हाय. जावा आत. न्हाय, नाव लिवायचं न्हाय. जावा."

सुयोग सरांनी मला खुर्ची दिली, पाणी दिले, आणि मी काय विचारणार हे ओळखून स्वतःच बोलू लागले. ते म्हणाले, "संजीवनी, मी तुला खोटी आशा लावणार नाही. आम्ही इथे पोरांच्या हाडात एकच गोष्ट भिनवतो. इंजिन गेलं, नाक खाली. रविराज तर माझ्याहून कडक होता. राजलक्ष्मीनं चाक ओढलं असेल असं मी शपथेवर सांगू शकत नाही."

मला हे आपल्यापासून लपवता आले असते. पण ते लपवून बाकीचे खरे म्हणून सांगितले तर माझ्या कोणत्याच शब्दावर आपण विश्वास का ठेवावा? म्हणून लिहिले. पुराव्याचा हा भाग माझ्या विरुद्ध आहे.

पण दुसरा भागही ऐकावा. त्या विमानावर ताई नवी असताना तिथल्या वृद्ध कॅप्टनने तिला उंच नेऊन इंजिन मंद करायला लावले आणि चाक पोटाशी ओढायला लावले. एकदा नव्हे, तिच्या हातांचे भिणे थांबेपर्यंत. त्या संध्याकाळी तिने मला फोन केला आणि ती हसतच होती. म्हणाली, "संजे, तेवढं मोठं धूड, आणि ते नुसतं बसत जातं गं. बैलगाडी उतरावी तसं." ते कॅप्टन आता निवृत्त होऊन आपल्या देशी परतले आहेत असे ती म्हणाली होती. म्हणजे हे विमान असे वागते हे हातांनी अनुभवलेला माणूस आज तळावर कोणीच नसेल. आपण स्वतः ते विमान कधी चालवलेले नाही, हेही ताईनेच सांगितले होते. रागावू नये. मी उणे काढत नाही. बारामतीने तिच्या हातांना एक शिकवले आणि त्या कॅप्टनने दुसरे. मंगळवारी कोणते हात पुढे आले, एवढाच प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर मला ठाऊक नाही.

घरी वेगळेच चालू आहे. माझे चुलते जोतीराम तात्या यांचे म्हणणे असे की माल मागे सरकला असणार. "गाडी उलार झाली की बैलाचा गळा आवळतो आन् जू वर उठतंय. तसंच झालं आसंल. पोरीचा काय दोष न्हाय." गाडीत मागे ओझे जास्त झाले की आमच्याकडे उलार म्हणतात, हे आपल्यासारख्या लोणी भापकरच्या माणसाला सांगायला नको. तात्यांना वाटते की दोष ताईचा नाही एवढे सिद्ध झाले म्हणजे आम्ही रडून मोकळे व्हावे. देह मिळत नाही म्हणून पळसाच्या पानांची पुतळी करून नीरा-नरसिंहपूरच्या संगमावर तिचे दहन करायचे त्यांनी ठरवले आहे. गुरुवारी. आईने ऐकून घेतले आणि शेळीला पाला टाकायला उठून गेली.

माझी एकच मागणी. विमानात जागा कळवणारे यंत्र असते आणि ते थोड्या थोड्या वेळाने एक ठिपका पाठवते, असे सुयोग सर म्हणाले. त्या दुपारचे सगळे ठिपके मला पाठवावेत. जे निकामी म्हणून वगळले असतील तेही.

संजीवनी


इंदापूर, मंगळवार, ११ नोव्हेंबर

रविराजराव,

आपण नकाशा पाठवलात. त्याखाली लिहिलेत: "लाल ठिपके खरे. शेवटचा करडा यंत्राने चूक म्हणून बाद केलेला आहे, त्यात विमान मागे गेलेले दिसते. आपत्कालीन बीकनही वाजला नाही. संजीवनी, आता थांब."

आपण मला पहिल्यांदाच नावाने हाक मारलीत, आणि ती थांब म्हणण्यासाठी.

मी थांबू शकत नाही. प्रयोगशाळेत दार लावून बसले आहे. बाहेर मुले सरावाच्या तासाची वाट पाहत आहेत आणि मी त्यांना पाणी पिऊन या असे दुसऱ्यांदा सांगितले आहे. तो करडा ठिपका चूक नाही. रविराजराव, तो ठिपका म्हणजे ताई आहे.

यंत्राने तो का बाद केला? कारण विमान हवेत असताना मागे जात नाही, असे त्याला शिकवलेले आहे. पण आमच्या सणसरच्या कालव्यात पाणी जोरात सुटते तेव्हा प्रवाहाविरुद्ध पोहणारा मुलगा हातपाय मारत असतो, पाण्यातून पुढेच जात असतो, आणि काठावरून पाहणाऱ्याला मात्र तो मागे जाताना दिसतो. खिंडीतून समोरून वारा येत होता. इतका की बाकीचे परत फिरले. ताईने चाक पोटाशी ओढले असेल तर त्या विमानाचा हवेतला वेग वाऱ्याहूनही कमी झाला असणार. मग जमिनीवरून ते मागेच जाणार. ते मागेच गेले.

नाक खाली करून ती आली असती तर तो ठिपका खिंडीकडे पुढे पडला असता, आणि खूप खाली. माल मागे सरकून विमान कोसळले असते तर हा ठिपका आलाच नसता. करड्या ठिपक्याची उंची आधीच्यापेक्षा कमी आहे, पण पडणाऱ्या वस्तूइतकी नव्हे. जिना उतरणाऱ्या माणसाइतकी. जगातली फार थोडी विमाने नकाशावर असा ठिपका उमटवू शकतात. आपल्या तळावर त्यांपैकी एकच होते.

बीकनबद्दल. तो संकटाचा इशारा रेडिओवरून पाठवतो आणि जोराच्या आघाताने आपोआप वाजू लागतो. नाही वाजला, याचा आपण लावलेला अर्थ असा की आघाताने तो नष्ट झाला. वाजवण्याइतका आघातच झाला नाही, असा अर्थ का लावू नये? शुद्धीत असती तर तिने तो हाताने चालू केला असता, असे आपण म्हणाल. तार तुटली असेल, दरी खोल असेल. मला ठाऊक नाही, मला ठाऊक नाही, पण एवढ्यासाठी त्या ठिपक्याकडे पाठ फिरवू नका.

आता मी लपवलेली एक गोष्ट सांगते. शोध थांबवण्याला घरच्यांची हरकत आहे का, असे विचारायला रविवारी कंपनीतून फोन आला होता. तात्यांनी घरातर्फे सांगितले, "बंद करा. उगा लोकास्नी डोंगरात कशापायी मारायचं?" आबांनी जमिनीकडे पाहून मान हलवली. आपल्याला हे कळले तर आपण म्हणाल की ज्यांची मुलगी त्यांनीच मिटवले, मग मी का धडपडू. म्हणून मी सांगितले नाही. आबांची ती मान रागाची नव्हती, एवढे मी सांगते. ताई गेल्यापासून ते रोज संध्याकाळी बांधावर जाऊन बारामतीच्या बाजूला आकाशाकडे बघत उभे राहतात. त्या रविवारपासून जात नाहीत.

उद्या संध्याकाळी शोध थांबेल. आपण विमान पलीकडे पाठवत आहात. ते अलीकडे पाठवा. एक फेरी. मी आयुष्यात कोणाकडे काही मागितलेले नाही. बक्षिसाची पुस्तके घ्यायलासुद्धा बाईंना मला हाताला धरून व्यासपीठावर न्यावे लागे. आज मागते. एक फेरी.

संजीवनी


नीरा-नरसिंहपूर, गुरुवार, १३ नोव्हेंबर

रविराजराव,

तुम्ही वाचलेत. निळ्या खुणा आहेत. मंगळवारपासून आहेत. एक शब्द नाही.

मी आता आपण वगैरे लिहू शकत नाही. तुम्ही ताईच्या साखरपुड्यातही असेच बसला होतात. तुमच्या आई द्वारकाबाई म्हणाल्या, लग्नानंतर विमान बंद, आणि ताईने तुमच्याकडे पाहिले. सगळ्या बैठकीने पाहिले की ती तुमच्याकडे पाहते आहे. तुम्ही चहाच्या बशीत बघत होतात. तुम्ही तेव्हा बोलला असतात तर तुम्ही तिथे असताना ती त्या तळावर अशी एकटी नसती, त्या ढगात एकटी नसती. अंगठी तिने तुमच्या हातात दिली तेव्हाही तुम्ही बोलला नाहीत. आताही बोलू नका. मी लिहीत राहीन, तुम्ही खुणा निळ्या करत राहा.

संगमावर ऊन आहे. सकाळी तात्यांनी ट्रॉलीतून पळसाची पाने आणली. भटजींनी ती मांडून माणसाचा आकार केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला, लोकरीच्या धाग्याने बांधायला घेतले. पायांपाशी आल्यावर ते म्हणाले, उंची किती होती? तात्या माझ्याकडे बघून म्हणाले, "संजीवनीपेक्षा बोटभर जास्त." मग त्यांनी मला पानांशेजारी उभे राहायला सांगितले. मापासाठी.

मी उभी राहिले, रविराजराव. शाळेत रांगेत उभी राहायचे तशी उभी राहिले, कारण मला नाही म्हणता येत नाही.

तेव्हा आई उठली. इतके दिवस न जेवलेली बाई. चालत आली आणि त्या पानांवर बसली. नारळ बाजूला ढकलला आणि मांडी घालून बसली.

तात्या म्हणाले, "वैनी, उठा. इधीत बसायचं नसतंय."

"का? पेटवा की. मी हाय की हितं. पानं कशाला, खरं मानूस जाळा."

"आवं लोकं बघत्यात."

"बघू द्या. म्या ल्योक मागितला व्हता देवाला, लेक दिली, ती इमान चालवाया लागली. आता तुमी मला पाला दिऊन लेक घिताय व्हय? ह्यो येव्हार मला जमायचा न्हाय जोतीरामभावजी. तुमास्नी घाई आसंल तर तुमचा पुतळा करा, मी काडी लावती."

घाटावर कोणीतरी हसले. आबा हसले नाहीत. ते पुढे आले, मला वाटले आईला उठवतील. ते तिच्या शेजारी त्याच पानांवर बसले. तात्यांनी काडेपेटी खिशात घातली, पुन्हा काढली, पुन्हा घातली.

अजून ते तिघे तसेच आहेत. भटजी दक्षिणेचे विचारत नाहीत, पण गेलेलेही नाहीत. तात्या म्हणतात, ऊन उतरले की उरकायचेच. मी पायऱ्यांवर बसून हे लिहीत आहे आणि माझा फोन वाजत आहे. परदेशचा नंबर आहे. वाजतोच आहे. कंपनी असेल, शोध संपला हे सांगायला. मला उचलता येत नाही. मला


शुक्रवार, १४ नोव्हेंबर

ताई,

हा कागद आकाशातून पडला आहे. दचकू नकोस. माझ्या पत्राच्या फोटोवरून तळावर छापलेले असे पुष्कळ कागद ओढ्याच्या कडेने टाकले जात आहेत आणि सगळ्यांवर हेच लिहिले आहे, म्हणून दुसरा सापडला तर काही नवे असेल असे समजून त्याच्यामागे जाऊ नकोस.

आधी कामाचे. जिथे आहेस तिथेच थांब. पुढे चालू नकोस, मागेही जाऊ नकोस.

विमान सापडले. रविराजरावांना सापडले. माझे पत्र वाचल्यावर उत्तर लिहिण्यात वेळ घालवण्याऐवजी ते स्वतः शोधाच्या विमानात बसले आणि खिंडीच्या अलीकडे फेऱ्या मारू लागले. बुधवारी ढग होते, रात्री ते डोंगरातल्याच एका पट्टीवर राहिले, तिथे फोन लागत नाही. काल सकाळी ढग फाटले आणि झाडांच्या शेंड्यांवर त्यांना तुझा वरचा पंख दिसला. मी त्यांना घाटावरून नाही नाही ते लिहीत होते तेव्हा ते मला फोन करत होते. मी उचलला. ताई, मी फोन उचलला आणि बोललेसुद्धा. पहिले वाक्य "कोण बोलतंय" असे मूर्खासारखे होते, पण बोलले.

योसेफ जिवंत आहे. तू त्याचा पाय मालाच्या पट्ट्यांनी बांधलास आणि पत्र्यांवर साठलेले पाणी त्याच्याजवळ ठेवून गेलीस, म्हणून तो जिवंत आहे. त्यानेच सगळे सांगितले. वरच्या पंखाबरोबर बीकनची तार तुटली. डोंगरापलीकडे विमाने फिरत होती आणि तुम्हा दोघांना रोज फक्त त्यांचा आवाज येत होता. तू वाट पाहिलीस, आवाज कधीच अलीकडे आला नाही, मग तू ओढ्याच्या कडेने मदत आणायला उतरलीस. खांद्याला लागले आहे तुझ्या, हेही तो म्हणाला.

म्हणजे तुझी चूक काहीच नाही. तू ते विमान अगदी पुस्तकात आहे तसे खाली बसवलेस. आम्हीच चुकीच्या बाजूला पाहत होतो.

आता अडचण अशी की तू चालते आहेस. हेलिकॉप्टर ओढ्यावरून फिरते, पण वरून नुसती झाडे दिसतात, आणि जिथे काल तुझ्या पायांचे ठसे मिळाले तिथे आज तू नसतेस. म्हणून शेजारच्या मिशनचे एक छोटे मालवाहू विमान घेतले आहे. तुझ्या विमानाइतके सावकाश ते उडत नाही, तरी दरीत वळू शकते, आणि त्याच्या दारातून कागद टाकता येतात. रविराजराव ते चालवत आहेत. मी त्यांना म्हणाले, तुम्हीच लिहा. ते म्हणाले, "ती माझे ऐकून थांबणार नाही. थांब म्हणायचा अधिकार मी घालवला. तुम्ही लिहा, मराठीत लिहा." मी त्यांची माफी मागितली नाही आणि त्यांनीही मला मागू दिली नाही. तुम्हा दोघांतले मात्र तुमचे तुम्ही पाहा.

आई दूध प्यायली. आबा काल घाटावरून परतल्यावर न सांगता बांधावर गेले, अंधार पडेपर्यंत आले नाहीत. तात्या तुझ्यावर रागावलेले आहेत, कारण आता त्यांना भटजींना तोंड दाखवता येत नाही. परत आलीस की पहिल्यांदा त्यांच्या पाया पड. यातले काहीही आठवून उठून चालायला लागू नकोस. मी तुला ओळखते. कोणी वाट पाहत आहे असे कळले की तू बसून राहणारी नाहीस. तू पहिली उठतेस. तेच या वेळी करायचे नाही. तुझे पाय जितके आमच्याकडे येतील तितकी तू आम्हाला सापडणार नाहीस.

म्हणून नीट ऐक. लहानपणापासून तू पुढे आणि मी मागे, आणि तू एकदाही माझे ऐकलेले नाहीस. मी तक्रारही केली नाही. आज ऐक. ओढ्याच्या मध्ये जिथे वरचे आकाश दिसते असा गोट्यांचा उघडा भाग शोध, नसेल तर जवळचा मोठा खडक. हे वाचून झाले की कागद उलटा कर. मागची बाजू नारिंगी आहे. चारही कोपऱ्यांवर दगड ठेव, ओल्या बोटांनी धरू नकोस, फाटेल. आणि त्याच्या शेजारी बस.

विमानाचा आवाज आला तरी धावायचे नाही. आवाज लांब गेला तरी उठायचे नाही. पाऊस आला तर कागदावर वाकून बस. अंधार पडला तर तिथेच झोप आणि उजाडल्यावर पुन्हा बस. ते परत येतील, मी त्यांना येत ठेवीन, त्यांना फोन करून करून येत ठेवीन.

बस, ताई. बसलीस का?

संजू